भावाच्या भिंतीत प्लॅस्टिक कोणत्या बाजूला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : आम्ही कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात राहतो. काही वर्षांपूर्वी लाकडी सांगाड्याचं घर बांधलं. भिंतीत खोलीच्या बाजूने जिप्सम बोर्ड, त्यामागे प्लॅस्टिकची शीट, मग ग्लासवूल (काचेच्या तंतूंचं इन्सुलेशन), त्याबाहेर प्लायवूड आणि सगळ्यात बाहेर फळ्या. हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो, तरी भिंती कोरड्या आहेत. माझा धाकटा भाऊ समुद्राजवळच्या उष्ण, दमट भागात तसंच घर बांधतोय. मी त्याला आमच्या घराची सगळी ड्रॉइंग पाठवली. आता त्याचा कंत्राटदार म्हणतो, प्लॅस्टिक बाहेरून लावा. सुतार म्हणतो, प्लॅस्टिकच नको. भाऊ म्हणतो, ताईकडे आतून आहे आणि उत्तम चाललंय, तेव्हा माझ्याकडेही आतूनच. त्याच्याकडे एसी रात्रंदिवस चालणार आहे. आतले बोर्ड पुढच्या आठवड्यात लागतील. तो माझ्या शब्दावर चाललाय, आणि मला आता झोप लागत नाही. आमच्याकडे सगळं ठीक आहे, फक्त हिवाळ्यात त्वचा फार कोरडी पडते म्हणून यंदा ह्युमिडिफायर घेतला. यांच्यापैकी बरोबर कोण?

ताई,

भावाला आजच फोन करा आणि आतून प्लॅस्टिक लावू नकोस म्हणून सांगा. बाकीचं सावकाश बोलू, पण बोर्ड ठोकून झाले की हा निर्णय बदलायला सगळी भिंत उघडावी लागते, म्हणून हे आधी.

तुमच्या पत्रात अपराधीपणाचा सूर आहे, तो सोडून द्या. तुम्ही पाठवलेली ड्रॉइंग चुकीची नाहीत. खोल्यांची मांडणी, खिडक्या, जिना हे सगळं एका ठिकाणाहून दुसरीकडे जसंच्या तसं नेता येतं. भिंतीतल्या थरांचा क्रम मात्र तिथल्या हवेला धरून ठरवावा लागतो. एवढंच राहून गेलं आहे, आणि ते वेळेत तुमच्या लक्षात आलं आहे.

या वादात एक गोष्ट तुम्ही, तुमचा भाऊ आणि कंत्राटदार या तिघांनीही गृहीत धरली आहे. प्लॅस्टिकची एक योग्य बाजू असते, आणि ती सापडली की प्रश्न मिटला. मला वाटतं प्रश्न थोडा वेगळा विचारायला हवा : ही भिंत ओली झाली तर कोणत्या बाजूने वाळणार? कारण ओली ती कधी ना कधी होतेच. पावसाने होते, खिडकीच्या फटीतून होते, पाइप गळला तर होते, बांधतानाच ओलं लाकूड वापरलं तरी होते. दोन्ही बाजूंनी कोंडलेली भिंत कुजते, मग प्लॅस्टिक कोणत्याही बाजूला असो.

आता तुमची भिंत का कोरडी राहिली ते बघू. हवेत वाफ असते. ती हवा पुरेशा थंड पृष्ठभागाला टेकली की वाफेचं पाणी होतं, आणि ज्या तापमानाला हे सुरू होतं त्याला दवबिंदू म्हणतात. दमट दिवशी थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम सुटतो तो यामुळेच. भिंतीच्या पोटात हेच घडतं, फक्त ते कोणाला दिसत नाही.

तुमच्या खोलीत हिवाळ्यात २० अंश सेल्सिअस आणि ४० टक्के सापेक्ष आर्द्रता आहे असं धरा. त्या हवेचा दवबिंदू येतो साधारण ६ अंश. बाहेर उणे १० असेल तर ग्लासवूलच्या पलीकडचं प्लायवूड जवळपास बाहेरच्या हवेइतकंच थंड असतं. आतल्या वाफेचा दाब बाहेरच्यापेक्षा तिपटीहून जास्त असतो, त्यामुळे वाफ आतून बाहेर ढकलली जाते. ती प्लायवूडपर्यंत पोचली तर तिथे पाणी धरेल, नाहीतर गोठेल. प्लॅस्टिक तिला बोर्डाच्या मागेच अडवतं. ते खोलीइतकंच उबदार असल्यामुळे त्याच्यावर पाणी धरत नाही. तुमच्या बांधणाऱ्यांनी बरोबर काम केलं.

भावाकडे हीच गोष्ट उलटते. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास जातो. आत एसीने २४ अंश आणि ५० टक्के राखले आहेत असं समजा. आता बाहेरचा बाष्पदाब आतल्याच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणजे वाफ बाहेरून आत निघाली. प्लायवूड ती हळूहळू ओलांडते, ग्लासवूल तिला जवळजवळ अडवतच नाही, आणि ती बोर्डामागच्या प्लॅस्टिकवर येऊन थांबते. ते प्लॅस्टिक २४-२५ अंशांवर आहे, दवबिंदूच्या खाली. तिथे पाणी धरणार, ओघळणार आणि सांगाड्याच्या तळाच्या आडव्या लाकडात मुरणार. एसी सतत चालणार असल्यामुळे वाळायला उसंत मिळणार नाही. खोलीतून पाहणाऱ्याला मात्र रंग छान दिसत राहील, कारण पाणी प्लॅस्टिकच्या पलीकडे आहे. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

हे नुसतं गणित नाही. दमट प्रदेशांतल्या एसी हॉटेलांमध्ये भिंतींवर व्हिनाइलचे वॉलपेपर लावले गेले आणि त्यामागे बुरशीचे काळे-गुलाबी पट्टे निघाले. व्हिनाइल वॉलपेपरमधूनही वाफ फारशी जात नाही, म्हणजे लावणाऱ्यांनी नकळत थंड बाजूला व्हेपर बॅरियर, म्हणजे वाफ अडवणारा थरच बसवला होता. भावाला हेही सांगा. नुसतं प्लॅस्टिक टाळून पुढे व्हिनाइल वॉलपेपर किंवा ऑइलपेंट लावला, तर आपण फिरून त्याच जागी येऊ.

‘प्लॅस्टिक आतूनच’ हा सल्ला इतका पक्का का बसला, यालाही कारण आहे. १९३० च्या दशकात थंड प्रदेशांतल्या लाकडी भिंतींत इन्सुलेशन भरायला सुरुवात झाली. घर उबदार झालं, पण इन्सुलेशनच्या बाहेरचा भाग पूर्वीपेक्षा थंड पडू लागला, तिथे पाणी धरू लागलं आणि बाहेरच्या रंगाचे पोपडे निघू लागले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या फ्रँक रॉली यांनी त्या दशकाच्या अखेरीस यावर प्रयोग केले. वाफ उबदार बाजूलाच अडवा, हा नियम अशा कामातून रुजला. मिनेसोटाचा हिवाळा बघता तिथे उबदार बाजू म्हणजे आतली बाजू हे उघडच होतं. एसीने गार केलेलं घर तेव्हा कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

मग कंत्राटदार बरोबर का? त्याचा तर्क बरोबर आहे. भावाकडे उबदार, दमट बाजू बाहेरची, म्हणून वाफ अडवायची तर बाहेरच. पण ‘बाहेरून प्लॅस्टिक’ म्हणताना त्याच्या मनात प्लायवूडवर स्टेपल मारलेली सैल शीट असेल, तर मी नाही म्हणेन. तिच्या मागे शिरलेलं पावसाचं पाणी तिथेच अडकतं. त्याऐवजी प्लायवूडवर रोलरने लावायचं किंवा पूर्ण पृष्ठभागावर चिकटणारं अखंड मेम्ब्रेन (पातळ पडदा) घ्यावं. ते पाऊस, हवा आणि वाफ या तिन्हींना एकदम अडवतं. खर्च झेपत असेल तर त्यावर फोम बोर्डचं इन्सुलेशन, मग पाणी निथळायला एक-दोन सेंटिमीटरची मोकळी फट, आणि त्यानंतर फळ्या. आतून फक्त जिप्सम बोर्ड आणि साधा पाण्यात मिसळणारा रंग. म्हणजे काही ओल शिरलीच तर ती आत, एसीच्या कोरड्या हवेत वाळून जाईल. आतल्या बाजूपुरता सुताराचा सल्ला अगदी बरोबर आहे, आणि त्याला ते मोकळेपणाने सांगितलंत तर बरं.

‘अडवतं’ म्हणजे किती, हेही समजून घ्यायला हवं, कारण दुकानात सगळ्याच शीटवर ‘व्हेपर बॅरियर’ लिहिलेलं असतं. वाफ किती आरपार जाते ते ‘पर्म’ या एककात मोजतात. अमेरिकी बांधकाम संहितेत याचे तीन वर्ग आहेत : ०.१ पर्म किंवा त्याहून कमी तो पहिला, ०.१ ते १ दुसरा, १ ते १० तिसरा. तुमच्या भिंतीतली ०.१५ मिलिमीटर जाडीची पॉलिथिन शीट साधारण ०.०६ पर्मची, म्हणजे पहिल्या वर्गातली. ग्लासवूलला चिकटून येणारा क्राफ्ट कागद दुसऱ्या वर्गात बसतो, बोर्डावरचा साधा लेटेक्स (पाण्यात मिसळणारा) रंग तिसऱ्या. लोक समजतात की आकडा जितका लहान तितकं चांगलं. मी उलट सांगेन : जेवढ्याने भागेल तेवढाच अडथळा ठेवावा. पहिल्या वर्गाचा थर वाफेला आत येऊ देत नाही तसाच भिंतीला वाळूही देत नाही.

आता एक गोष्ट, जिच्याकडे या सगळ्या चर्चेत कोणाचंच लक्ष गेलेलं नाही, आणि ती प्लॅस्टिकच्या बाजूपेक्षा महत्त्वाची आहे. भिंतीत जाणारी बहुतेक वाफ बोर्डातून झिरपत जात नाही, ती हवेबरोबर फटींतून जाते. इमारतशास्त्रात एक हिशेब नेहमी दिला जातो. थंड प्रदेशात ४ बाय ८ फुटांच्या एका जिप्सम बोर्डातून अख्ख्या हिवाळ्यात झिरपून जाणारं पाणी साधारण एक तृतीयांश लिटर. त्याच बोर्डाला एक चौरस इंचाचं भोक पाडलं आणि आत-बाहेर हवेच्या दाबात किरकोळ फरक असला, तर तेवढ्याच काळात हवेबरोबर जाणारं पाणी २८ लिटरच्या आसपास. जवळजवळ शंभरपट! एक चौरस इंच म्हणजे एखाद्या स्विचबोर्डाच्या डबीभोवतीची फट.

झिरपण क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. वाफ अडवणाऱ्या थराने नव्वद टक्के भिंत झाकली तर झिरपणीपुरतं नव्वद टक्के काम होतं, खिळ्याच्या भोकांनी काही बिघडत नाही. हवेचं तसं नाही. हवा अडवणारा थर जमिनीपासून छतापर्यंत, खिडकीच्या चौकटीपासून वायरच्या पाइपापर्यंत सलग असावा लागतो. भावाने पैसे आणि लक्ष कुठे घालावं हे मला विचाराल तर इथे : सगळे सांधे टेपने किंवा सीलंटने बंद करणं, आणि आतले बोर्ड लागण्याआधी ब्लोअर डोअर चाचणी करून घेणं. दारात पंखा बसवून घरातला दाब बदलतात आणि हवा कुठून शिरते ते शोधतात. भिंती उघड्या असताना सापडलेली फट काही मिनिटांत बुजवता येते. एक्झॉस्ट पंख्यांचाही विचार करायला सांगा. बाहेर जितकी हवा फेकली जाते तितकी कुठून तरी आत येते, आणि तिला रीतसर वाट ठेवली नाही तर बाहेरची दमट हवा भिंतीच्या फटींतून ओढली जाते. एसीही गरजेपेक्षा मोठा घेऊ नये. तो खोली झटकन गार करून बंद होतो आणि हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही.

आणि पाऊस. झिरपणारी वाफ ग्रॅममध्ये मोजावी लागते, पाऊस बादल्यांनी येतो. कॅनडात व्हँकूव्हर परिसरात १९८० आणि १९९० च्या दशकांत बांधलेल्या कितीतरी लाकडी सांगाड्याच्या इमारती कुजल्या. तिथले माजी प्रीमियर डेव्ह बॅरेट यांच्या आयोगाने १९९८ मध्ये त्याची चौकशी केली. मूळ दुखणं पावसाचं होतं : छताची वळचण नाही, खिडक्यांभोवती फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्ट्या) नीट नाही, बाहेरच्या गिलाव्यामागे पाणी निथळायला फट नाही. शिरलेलं पाणी मग वाळायलाही वाट कमी. समुद्राजवळच्या घराला हे चित्र समोर ठेवूनच छताची वळचण, फ्लॅशिंग आणि ती निथळण्याची फट ठरवायला हवी. फळ्यांऐवजी बाहेरून वीट लावायची असेल तर आणखी जपावं, कारण भिजलेल्या विटेवर ऊन पडलं की त्यातली वाफ जोराने आत ढकलली जाते.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. बरीच घरं तुमच्यासारख्या किंवा भावासारख्या टोकाच्या हवामानात नसतात. हिवाळा थंड, उन्हाळा दमट, म्हणजे वाफेची दिशा वर्षातून दोनदा बदलते. अशा ठिकाणी पॉलिथिन कोणत्याच बाजूला नको. दोन चांगले मार्ग आहेत. एक म्हणजे आतून ‘स्मार्ट’ मेम्ब्रेन. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनातून आलेला पॉलिअमाइडचा पडदा या प्रकारातला. आजूबाजूची हवा कोरडी असताना तो एक पर्मच्या खाली राहून वाफ अडवतो आणि ओल वाढली की दहा पर्मच्या वर जाऊन भिंतीला वाळू देतो. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो : इन्सुलेशनचा काही भाग सांगाड्याच्या बाहेर न्यायचा, म्हणजे प्लायवूड थंडच पडत नाही. बाहेर शून्य अंश, आत २० अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल, आणि एकूण इन्सुलेशनचा एक तृतीयांश भाग बाहेर असेल, तर प्लायवूड ६ अंशांच्या थोडं वर राहतं, म्हणजे दवबिंदूच्या वर. थंडी जितकी जास्त, तितका बाहेरचा वाटा वाढवायचा. सगळंच इन्सुलेशन बाहेर आणि हवा-पाणी-वाफ अडवणारा थर त्याच्या आत, सांगाड्याला चिकटून, अशी भिंत जवळपास कोणत्याही हवामानात चालते. पाणी धरलंच तर ते सांगाड्याच्या बाहेर धरतं, आणि तिथून निथळून जातं.

उष्ण पण कोरड्या प्रदेशात वाफेची फारशी चिंता करू नये. तिथेही आतून प्लॅस्टिक लावायचं कारण नाही. भरीव विटांच्या भिंती पाणी शोषतात आणि सोडतात, त्यांना व्हेपर बॅरियर लागत नाही. पण थंड प्रदेशातल्या जुन्या विटांच्या भिंतीला आतून इन्सुलेशन करायचं ठरवलं तर जाणकाराला दाखवल्याशिवाय करू नका, कारण भिंत थंड पडते, तिचं वाळणं मंदावतं आणि तिच्यात टेकलेल्या तुळयांची टोकं कुजू शकतात. जमिनीचा नियम मात्र सगळीकडे एकच : काँक्रीटच्या लादीखाली, अगदी तिला लागून, प्लॅस्टिक हवंच. जमिनीतली ओल कोणत्याही ऋतूत वरच येते.

कोणी तुम्हाला भिंतीचा आलेख काढून दाखवला आणि ‘बघा, इथे दव पडत नाही’ म्हटलं, तर तो ग्लासर पद्धतीचा आहे का, हे विचारा. ही १९५० च्या दशकाच्या अखेरची पद्धत आहे. तिच्यात तापमान स्थिर धरलेलं असतं. पाऊस, ऊन आणि हवेची गळती तिच्यात नाही. प्राथमिक अंदाजाला ती चालेल, निर्णयाला पुरत नाही. वूफीसारखी सॉफ्टवेअर तासातासाच्या हवामानाच्या नोंदी घेऊन हिशेब करतात, आणि भावासारख्या किनाऱ्यालगतच्या घरासाठी तो हिशेब करून घेणं पैसे वाचवणारं ठरेल.

शेवटी तुमच्या घराबद्दल. तुम्ही जाता जाता ह्युमिडिफायरचा उल्लेख केला आहे, आणि पत्रातलं तेच वाक्य मी दोनदा वाचलं. २१ अंश आणि ३० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू ३ अंशांच्याही थोडा खाली असतो. तीच आर्द्रता ५५ टक्क्यांवर नेली की तो साडेअकराच्या वर जातो. प्लॅस्टिक झिरपण थांबवेल, पण स्विचबोर्डाभोवतीच्या, खिडकीच्या चौकटीजवळच्या फटींतून जाणारी हवा आता कितीतरी जास्त पाणी घेऊन भिंतीत जाईल. इतकी वर्षं भिंत कोरडी राहिली ती कोरड्या हवेत, यंदाची हवा वेगळी आहे. आर्द्रता मोजणारा एक साधा हायग्रोमीटर घ्या आणि थंडी कडक असताना आर्द्रता ३० ते ३५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. खिडकीच्या काचेवर सकाळी पाणी दिसू लागलं तर ह्युमिडिफायर लगेच कमी करा. त्वचेसाठी तो झोपायच्या खोलीत, रात्रीपुरता चालवून बघा, दार लावून, आणि त्या खोलीतल्या बाहेरच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डांच्या फटी आधी सीलंटने बुजवून घ्या. हिवाळा सरताना सुताराकडून पिन असलेल्या ओलमापकाने त्या भिंतीतलं लाकूड एखाद-दोन ठिकाणी तपासून घ्या. २० टक्क्यांच्या खाली असेल तर निश्चिंत राहा. त्याच्या वर असेल तर बोर्डाचा एक तुकडा काढून आत बघावं लागेल, आणि तेव्हा मला आकड्यांसकट पुन्हा लिहा.